प्रस्ताव तीन प्रतींत

रब्बीची ज्वारी काढणीला आली की आमच्या भागात कर्तबगार बायकांनाही मागणी येते. सुरुवात 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनं होते. 12 जानेवारीला जिजाऊ जयंती, मग संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत रेटायचं, आणि 8 मार्चला हंगाम ऐन भरात. त्या एका दिवसात जिल्ह्यात जेवढ्या शाली खपतात तेवढ्या अख्ख्या थंडीत खपत नसतील. अडचण एवढीच, की जिचा सत्कार खरोखर करावा अशी बाई 8 मार्चला नेमकी रानात वाकून ज्वारी उपटत असते. मग जी मोकळी असेल तिचा करतात.

माझा या सगळ्याशी संबंध झेरॉक्सपुरता. येरमाळ्यात सोलापूर-धुळे हायवेला बार्शी-कळंब रस्ता मिळतो, तिथून जवळच माझं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, स्पायरल, पासपोर्ट फोटो आणि 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. पुरस्कार विद्यापीठ देवो, सरकार देवो की कुठलं प्रतिष्ठान देवो, प्रस्ताव आधी माझ्या मशीनमधून जातो. त्यामुळं परिसरात कोण किती कर्तबगार आहे हे मी पानांच्या हिशेबात सांगू शकतो. चाळीस पानांच्या आत असेल तर गावपातळी. शंभराच्या पुढं गेलं की जिल्हास्तरीय. कात्रणं कलरमध्ये काढा म्हणाले की समजायचं, ताईंचं राज्यस्तरावर ठरलंय. आणि एखादे साहेब बायकोची फाईल पेनड्राइव्हमध्ये घेऊन आले, वर 'जरा चांगल्या जाड कागदावर' म्हणाले, तर मी पैसे मागायच्या आधी अभिनंदन करून टाकतो.

गंमत म्हणजे फाईल जेवढी जाड, तेवढी ती बाई दुकानात कधी दिसत नाही. फाईल घेऊन दीर येतो, पुतण्या येतो, नवरा तर येतोच. 2011 पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यामुळं 'मी सरपंच' म्हणत सही ठोकणारे आणि खाली बायकोचं नाव लिहिणारे गृहस्थ मला पाठ आहेत. त्यातल्या एकांनी माझ्यासमोर अर्जात 'माझे पती' असं लिहिलं, थबकले, खोडलं आणि नवीन फॉर्म मागितला. पाच रुपये घेतले.

विद्यापीठाचा पुरस्कार म्हटल्यावर लोक जरा सावरून बसतात. येरमाळा अशा जागी आहे की पोरगी कळंबला कॉलेजला गेली तर ती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची होते, आणि बार्शीची एसटी धरली तर सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाची. एका घरातल्या दोन बहिणी दोन विद्यापीठांच्या असतात, दोघींच्या परीक्षा वेगवेगळ्या महिन्यांत येतात, आणि आईला वर्षातले सहा महिने 'आवाज करू नका, परीक्षा आहे' एवढंच बोलता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. समाजासाठी झटणाऱ्या बाईला ते 'रुक्मिणी' नावाचा पुरस्कार देतं. नाव देणारा पंढरपूरला जाऊन आलेला असणार. सगळी गर्दी विठोबाच्या पायाशी, आणि रुक्मिणीमाईचं देऊळ मागच्या बाजूला, वेगळं.

आताशा आपल्याकडं विद्यापीठांनाच बायकांची नावं देतात. पुण्याला 2014 मध्ये सावित्रीबाईंचं दिलं, जळगावला 2018 मध्ये बहिणाबाईंचं, सोलापूरला 2019 मध्ये अहिल्यादेवींचं. सावित्रीबाईंच्या फाईलचा प्रवास मला व्यावसायिक दृष्टीनं फार आवडतो. नोव्हेंबर 1852 मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात इंग्रज सरकारनं मुलींच्या शाळांच्या कामाबद्दल जाहीर सत्कार केला आणि शाल पांघरली, ती जोतीरावांना. शाळेत शिकवायला सावित्रीबाई, वाटेत शेणगोळे झेलायला सावित्रीबाई, शाल जोतीरावांना. यात जोतीरावांकडं बोट दाखवायला जागा नाही, शाल अर्धी फाडून बायकोला देतील असे ते गृहस्थ होते. पण सरकारच्या चष्म्यातून त्या काळी घरात एकच माणूस दिसायचा. 1852 ते 2014, म्हणजे 162 वर्षं. 'सरकारी काम आहे, वेळ लागतो' असं मी काउंटरवर रोज सांगतो तेव्हा लोकांना वाटतं मी टाळतोय.

अण्णासाहेब कर्व्यांचंही तेच. त्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं. पुढं सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावानं 15 लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. ते एवढं लांब, की पुढं सगळ्यांनी त्याचं 'एसएनडीटी' करून टाकलं, आणि त्या चार अक्षरांत एक बाई बसलीय हे तिथं शिकणाऱ्या पोरींच्याही ध्यानात राहत नाही. अण्णांना बनारस, पुणे, मुंबई आणि त्यांचं स्वतःचं महिला विद्यापीठ अशा चार विद्यापीठांनी डॉक्टरेट दिल्या, 1958 मध्ये भारतरत्न मिळालं. त्यांच्या पत्नी बाया कर्वे अण्णांनी काढलेल्या आश्रमासाठी वर्गणी मागत दारोदार हिंडल्या, आणि 'माझे पुराण' लिहून मोकळ्या झाल्या. आता पुण्याची महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था 'बाया कर्वे पुरस्कार' देते. बाईला पुरस्कार मिळाला नाही तरी घाबरायचं कारण नाही, थोडा दम धरला तर तिचाच पुरस्कार होतो.

बहिणाबाईंची मात्र मला काळजी वाटते. समजा त्यांनी आज अर्ज केला. 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात काय लिहिणार? अक्षरओळख नाही. 'प्रकाशित साहित्य'? हयातीत पुस्तक नाही, ते निघालं 1952 मध्ये, त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी. ओव्या जात्यावर आणि शेतात सुचल्या, त्यांचं कात्रण कुठून आणायचं? मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं लिहून घेतलं म्हणून निभावलं. लिहून घेणारं माणूस लागतं हो. हे मी माझ्या धंद्याची जाहिरात म्हणून सांगत नाही, पण म्हणालात तर म्हणा.

आमच्या गल्लीतल्या आक्कांचा प्रस्ताव मीच घातला. आक्का म्हणजे गावाच्याच आक्का, माझ्या आईपासून माझ्या पोरापर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणतात. एका विद्यापीठाची जाहिरात पेपरात आली होती: सार्वजनिक सेवेत उल्लेखनीय कार्य करणाऱ्या ग्रामीण महिलांकडून विहित नमुन्यात तीन प्रतींत प्रस्ताव मागवण्यात येत आहेत. मला वाटलं, आक्कांचं नाव नाही गेलं तर कुणाचं जाणार? दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसताना त्यांना दुकानात बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि फॉर्म उघडला.

"व्यवसाय काय लिहू?"

"काय लिवत्यात बायका?"

"गृहिणी."

"मग त्येच लिव्ह. रानातलं लिवू नगंस, न्हाईतर पीकविम्याचं इचारतील."

संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक या रकान्यापाशी आम्ही बराच वेळ अडकलो. आक्कांची कुठंच नोंदणी नाही. रेशनकार्डावर आहे, ती थोरल्या लेकाच्या हाताखाली तिसऱ्या नंबरला. जन्मतारीख आधारवर 1 जानेवारी आहे. आमच्या गावातल्या जुन्या माणसांची निम्मी पिढी 1 जानेवारीला जन्मली आणि उरलेली 1 जूनला, कारण शाळेत घालताना मास्तरांनी जी सोयीची वाटली ती लावली आणि ज्यांना शाळेत घातलंच नाही त्यांना आधारवाल्यानं लावली. आक्का आधारप्रमाणं त्यांच्या धाकट्या भावापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. "मग माझी बाळंतपणं त्यानं केली म्हण की," असं म्हणून त्या मोठ्यानं हसल्या.

त्यावरून आम्ही 'कार्याचे स्वरूप' या रकान्यावर आलो. गावात दवाखान्याची आणि आशाताईंची सोय नव्हती त्या काळात आक्का बाळंतपणं करायच्या. नंतर सोय झाली, मग त्या बाईला घेऊन गाडीतून सोबत जायला लागल्या. कुणाच्या छातीत गाठ निघाली तर बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला सोबत आक्का. पोरीचं लग्न सतराव्या वर्षी उरकायला निघाले तर मांडवाच्या आदल्या दिवशी चहाला आक्का, आणि तो चहा असा काही लांबायचा की लग्नही लांबायचं. ऊसतोडीला जोडपी गेली की मागं राहिलेली चार-पाच लेकरं दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आक्कांच्या ओट्यावर. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटं माणूस अर्धा कोयता. लेकरं सांभाळणाऱ्या म्हातारीला मुकादमाच्या वहीत कोयत्याची मूठसुद्धा धरत नाहीत.

'लाभार्थी संख्या (निश्चित आकडा द्यावा).'

"निम्मं गाव लिव्ह."

"आक्का, आकडा पायजे."

"मग यादी काढ की."

"कसली?"

"मतदानाची."

निवडणुकीत मतदार यादीच्या प्रिंट माझ्याकडंच निघतात. एक जुनी प्रत होती. आक्कांना अक्षर लागत नाही, म्हणून मी नावं वाचत गेलो आणि त्या सांगत गेल्या. "ह्यो माझ्या हातचा. ही बी. ह्यो न्हाई, ह्यो बार्शीत झाला, आईला तरास झालता. ह्यो पायाळू, पायाकडनं आला, तवा बी आडवाच व्हता, अजून तसाच हाय. ही जुळ्यातली, दुसरी पुण्याला दिली. ह्याचं खोडू नगंस, गेला मागल्या साली, पण आलता तर माझ्याच हातावर." वार्ड दोन संपेपर्यंत माझ्या पेनातली शाई संपली. नावासमोर टिक केलेली ती यादी मी परिशिष्ट 'अ' म्हणून जोडली. सार्वजनिक सेवेचा असा लाभार्थी तक्ता त्या विद्यापीठात दुसऱ्या कुणाचा गेला असेल असं मला वाटत नाही. लाभार्थ्यांच्या सह्या मात्र घेता आल्या नाहीत. लाभ झाला तेव्हा त्यांना लिहिता येत नव्हतं.

पुढचा रकाना होता 'दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस'. गावातल्या प्रतिष्ठितांची दोन नावं मी सुचवली. दोघंही यादीत टिक झालेले होते. आक्कांनी कपाळाला हात लावला. "आरं, त्येंची शिफारस मी केली व्हती. देवाकडं."

फोटोंचं काम मात्र खरोखर अवघड निघालं. 'कार्य करत असतानाची किमान दहा छायाचित्रे.' आक्का कुठल्याच फोटोत नाहीत. गावातल्या पोरांच्या मोबाईलमधून मी बरेच कार्यक्रम उपसले. आरोग्य शिबिर, वृक्षारोपण, साहेबांचा दौरा. एका फोटोत पाहुण्यांच्या पुढ्यात भजी-चहाचं ताट येतंय आणि ताटाला धरलेला हात दिसतोय. हिरव्या काचेच्या बांगड्या, मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन. तो हात आक्कांचा. मी तो कापून मोठा केला, त्याच्याभोवती लाल गोल काढला, खाली टाइप केलं: 'ग्रामविकास कार्यक्रमात सक्रिय सहभाग'. जाड कागदावर, कलरमध्ये.

येडाईच्या जत्रेचं काम मी वेगळ्या पानावर लिहिलं. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या गावची सगळ्यात थोर बाई डोंगरावर राहते. येडेश्वरी. तुळजाभवानीची धाकटी बहीण. पार्वतीनं सीतेचं रूप घेऊन रामाची परीक्षा पाहिली, रामानं तिला तिथल्या तिथं ओळखलं आणि वेडी आहेस का म्हणाला, तीच येडाई, अशी कथा सांगतात. इतक्या मोठ्या नवऱ्याची बायको, इतका अवघड प्रयोग केला, आणि गावात नाव काय राहिलं तर हे. पण तिचं काही बिघडलं नाही. चैत्र पौर्णिमेला लाखांनी माणूस येतं. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली उतरते, रानात लोक वाकून चुनखडी वेचतात आणि वाहतात, मग आमराईत देवीचा मुक्काम. 'उदो उदो' चालू असताना तिचा बायोडाटा कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

त्या गर्दीत लेकरं हरवतात. हरवलेलं लेकरू कुणाला सापडलं की तो ते आक्कांच्या घरी आणून सोडतो. बाजेवर ओळीनं चार-पाच बसलेली असतात, हातात गूळ-शेंगदाणे, नाकाला सगळ्यांच्या एकच पदर. माईकवरून पुकारा होतो आणि आयाबापे धावत येतात. फॉर्ममध्ये विचारलं होतं, 'नोंदवही ठेवली आहे काय?' मी आक्कांना विचारलं, कुणाचं लेकरू कुणाला दिलं, खात्री कशी करता?

"त्यात काय खात्री करायची? परक्या बाईनं उचललं की लेकरू गप ऱ्हातं, टकामका बगतं. आई दिसली की आधी मोठ्यानं भोकाड पसरतं आन् मग तिलाच मारतं. मारलं की द्यायचं."

हे मी 'ओळख पडताळणीची पद्धत' या मथळ्याखाली जसंच्या तसं टाइप केलं. विद्यापीठात समाजशास्त्राचं खातं असतं, त्यांना उपयोगी पडेल.

सगळ्या बायकांची फाईल अशीच अडते असं मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार बघा. बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली, मग कोंबड्या, मग शेळ्या, मग सौर दिवे, आणि जिल्ह्यातल्या शेकडो बायकांना धंद्याला लावलं. 2017 मध्ये नीती आयोगाचा पुरस्कार झाला आणि 8 मार्च 2022 रोजी दिल्लीत राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हातून नारीशक्ती पुरस्कार घेतला. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यावर तर इंग्रजीत चित्रकथा निघालीय. म्हणजे होतं. मी यावर काउंटरमागं बसून पुष्कळ विचार केला आहे. कोंबड्यांचा हिशेब राहतो, अंड्यांचा राहतो, शेळ्या कानातल्या बिल्ल्यासकट मोजता येतात, कारण त्यांच्यावर बँक कर्ज देते. बाळंतपणावर आणि बाजेवरच्या लेकरांवर बँकेनं अजून कर्ज दिलेलं नाही. दिलं असतं तर आक्कांच्या फाईलला दोन स्पायरल लागले असते.

तसा आमच्या बायकांचा सन्मान रोज होतो, हे मी स्टँडवर स्वतः बघतो. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि योजनेचं नाव 'महिला सन्मान योजना'. त्या दिवसापासून येरमाळ्याच्या स्टँडवर नवरा मागं आणि बायको पैसे धरून पुढं असा देखावा दिसू लागला. कंडक्टर विचारतो, "किती?" बाई म्हणते, "एक सन्मान, एक फुल." फुल मागं पिशवी धरून उभा असतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना तर तिकीटच नाही, त्या खिडकीशी बसून सन्मानाच्याही पलीकडं गेलेल्या. महाराष्ट्रात दिला जाणारा हा एकच सन्मान असा आहे की त्याला प्रस्ताव लागत नाही, सूत्रसंचालक लागत नाही, आणि बाईबरोबर नवऱ्याला स्टेजवर चढता येत नाही, कारण त्याचे पैसे जास्त पडतात.

बाकीच्या सन्मानांना शाल असते. 2023 मध्ये सरकारनं ठरवलं, प्रत्येक ग्रामपंचायतीनं 31 मेला अहिल्यादेवींच्या नावानं गावातल्या दोन कर्तबगार बायकांचा गौरव करायचा. कल्पना चांगली. त्यांचं जन्मगाव चौंडी आमच्यापासून फार लांब नाही, अहिल्यादेवी आम्हाला शेजारच्याच. पण 31 मेला मराठवाड्यात शाल! पारा बेचाळिसाला टेकलेला, मंडपाला पत्र्याचं छत, आणि सत्कारमूर्तीच्या अंगावर लोकरी शाल, तीवर हार, हातात नारळ. मान्यवर बोलायला उठले की ती काढताही येत नाही, फोटो व्हायचा असतो. एका कार्यक्रमात एका आजीनं शाल खांद्यावर पडताच सगळ्यांदेखत शेजारच्या मान्यवरांच्या गळ्यात टाकली. लोकांना वाटलं आजींनी पाहुण्यांचा उलट सत्कार केला. फार टाळ्या पडल्या.

मानपत्रांबद्दल मी धंद्याच्या माणसानं जास्त बोलू नये, पण एक सांगतो. मजकूर सगळ्यांचा एकच असतो, आपण कणखर आहात, आपण मृदू आहात, आपण दोन्ही घरांची पणती आहात. दरवर्षी नाव बदलून आणतात. मागं एका मानपत्रात तिसऱ्या परिच्छेदात आदल्या वर्षीच्या बाईंचं नाव तसंच राहिलं होतं. भर सभेत वाचलं गेलं. कुणालाच कळलं नाही. आदल्या वर्षीच्या बाई पाचव्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी उठून नमस्कार केला.

तर आक्कांचा प्रस्ताव तीन प्रतींत गेला. दोन महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. सोबत त्रुटींची यादी. संस्था नोंदणी प्रमाणपत्र जोडलेले नाही. वृत्तपत्रीय कात्रणे जोडलेली नाहीत. परिशिष्ट 'अ' ही शासकीय मतदार यादी असून लाभार्थी यादी स्वतंत्रपणे सादर करावी. छायाचित्र क्रमांक एकमध्ये अर्जदाराचा चेहरा दिसत नाही. त्रुटींची पूर्तता पंधरा दिवसांत न केल्यास प्रस्ताव निकाली काढण्यात येईल. पत्र वाचून मला राग आला, पण सही करणाऱ्या बाई होत्या, आणि सहीवरून दिसत होतं की त्यांनी त्या दिवशी अशी दीडशे पत्रं काढली असणार. त्यांच्याही फाईलची कुणी वाट बघत असेल.

आक्का आल्या तेव्हा मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कागद हातात घेऊन उलटा केला आणि मागची बाजू कोरी आहे का बघितली.

"हे ऱ्हाऊ दे माझ्याकडं. जत्रंत लेकरांची नावं लिवायला हुतील. तू म्हणलास ना, नोंदवही पायजे."

"आक्का, अजून पंधरा दिवस आहेत. पेपरवाल्याला सांगून एक बातमी लावू. कात्रण होईल."

"पंधरा दिसांत पुनव हाय. मला कुठं येळ हाय?" त्यांनी कनवटीची पिशवी सोडली. "तुझं किती झालं, त्ये सांग. तीन बाडं केलीस, रंगीत फोटू काढलास."

"नको आक्का. तुमच्याकडून काय घ्यायचं?"

"फुकट केलंस?"

"हो."

"मग ही समाजसेवाच झाली की रं. लिव्ह तुझ्या फायलीत."

मी खिशातून मोबाईल काढला आणि म्हणालो, "आक्का, जरा इकडं बघा. आणि या वेळी चेहरा दिसू द्या."